विश्लेषण : सात किलोंत काय काय बसणार? स्वस्त विमानसेवा आणि केबिन बॅगेचे नियम

संगमनेरला अजून रेल्वे नाही. पुणे–नाशिक रेल्वेची चर्चा मात्र वर्षानुवर्षे धावते आहे. विमान त्याआधी आले. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला आणि तळेगाव दिघेमार्गे साधारण तासाभरात विमानाच्या दारात पोहोचण्याची सोय झाली. पुणे, मुंबई आणि ओझर आहेतच. हैदराबाद-बेंगळुरूला नोकरीला असलेली मुले, त्यांच्याकडे अधूनमधून जाणारे आईवडील, दिल्लीला परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणारे विद्यार्थी असा नवा प्रवासी वर्ग यातून तयार झाला. यातील बहुतेकांचे सामान बांधण्याचे शिक्षण एसटीत झाले आहे. तिथे पिशव्या किती यापेक्षा त्या सीटखाली, मांडीवर आणि वरच्या कॅरिअरवर मावतात का, हा प्रश्न असतो. फारच झाले तर कंडक्टर लगेजचे तिकीट फाडतो. विमानात हे चालत नाही आणि ते बहुतेकांना कळते ते काउंटरवर, मागे रांग उभी असताना. अशा वेळी तिथेच बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढायची की पैसे भरायचे, हे दोन मिनिटांत ठरवावे लागते.

नियम नेमका कोणाचा?

सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. हाताशी न्यायच्या बॅगेवर दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे नियम लागू होतात आणि प्रवासी त्यांची गल्लत करतो.

पहिला नियम सुरक्षेचा. नागरी हवाई वाहतूक सुरक्षा ब्युरो म्हणजे बीसीएएस ही केंद्र सरकारची यंत्रणा. एका प्रवाशाने एकच हातबॅग न्यावी, असे तिचे परिपत्रक २००० सालापासून आहे. त्यातच काही वस्तूंना सूट आहे: महिलांची पर्स, ओव्हरकोट किंवा शाल, ब्लँकेट, कॅमेरा, प्रवासात वाचण्यापुरती पुस्तके, छत्री किंवा हातातली काठी, तान्ह्या बाळाचे खाणेपिणे, कुबड्या, लॅपटॉप. म्हणजे आजोबांची काठी किंवा आजीची शाल ही दुसरी बॅग ठरत नाही. हा नियम अनेक वर्षे कागदावरच ढिला होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याची काटेकोर अंमलबजावणी करण्याच्या सूचना विमान कंपन्यांना आणि विमानतळांना पुन्हा देण्यात आल्या. प्रवासी दोन-दोन, तीन-तीन पिशव्या घेऊन तपासणीच्या यंत्रापाशी येतात, त्यामुळे प्रत्येकाला लागणारा वेळ वाढतो आणि गर्दी तुंबते, हे त्यामागचे कारण होते.

दुसरा नियम विमान कंपनीचा, वजनाचा आणि आकाराचा. देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात तो आता जवळपास सगळीकडे ७ किलो आहे. एअर इंडियासारख्या कंपनीत पूर्वी ८ किलो चालत असे. २ मे २०२४ पूर्वी काढलेल्या तिकिटांना ती सवलत राहिली, त्यानंतरच्या तिकिटांना ७ किलो. आकाराची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर. कुठे ती ५५ × ३५ × २५ अशी लिहिलेली असते, कुठे ५५ × ४० × २०. बेरीज दोन्हीकडे ११५ येते, पण बॅग एकच असते. एका कंपनीच्या मापात बसणारी २५ सेंटिमीटर जाडीची फुगीर बॅग दुसऱ्या कंपनीच्या २० सेंटिमीटरच्या चौकटीत अडकू शकते. बॅग विकत घेताना दुकानदार ‘केबिन साइज आहे’ एवढेच सांगतो. त्या शब्दाला कायद्याने ठरवलेले एक माप नाही. चाके आणि मूठ धरून माप घ्यायचे असते, हेही तो सहसा सांगत नाही.

जगभर एकच माप असावे असा प्रयत्न एकदा झाला होता. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयाटा’ने जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरचे शिफारस केलेले माप जाहीर केले. त्यात बसणाऱ्या बॅगांवर तसे चिन्ह लावायचे होते. अमेरिकेत त्यावर एवढी ओरड झाली की आठवडाभरातच संघटनेने तो विषय थांबवला. घरोघरी असलेल्या बॅगा एका रात्रीत मोठ्या ठरल्या असत्या, हा लोकांचा राग होता.

सुरक्षा तपासणीतून बॅग पुढे गेली म्हणजे वजनाचाही प्रश्न सुटला, असे म्हणूनच समजू नये. तिथला जवान बॅगेत काय आहे ते पाहतो. ती किती किलोची आहे हे पाहणारा माणूस कंपनीचा असतो आणि तो काउंटरवर, गेटवर किंवा थेट विमानाच्या शिडीपाशीही उभा असू शकतो.

लॅपटॉप सात किलोंत की बाहेर?

याचे उत्तर कंपनीनुसार बदलते, आणि नेमके इथेच भांडण होते. इंडिगोच्या नियमात ७ किलोंची एक हातबॅग आणि शिवाय ३ किलोंपर्यंतची पर्स किंवा छोटी लॅपटॉप बॅग चालते. काही कंपन्यांत दोन्ही मिळून ७ किलो धरले जातात. जाताना एका कंपनीचे आणि येताना दुसऱ्या कंपनीचे तिकीट असेल तर तेच सामान जाताना नियमात आणि येताना नियमाबाहेर असू शकते. तिकिटाच्या ईमेलमध्ये सर्वांत खाली बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट काढणाऱ्याच्या हाती अनेकदा फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला पहिल्या पानाचा फोटो असतो. पूर्ण तिकीट मागून घ्यावे, त्याला पैसे पडत नाहीत.

तिकिटाचा प्रकारही पाहावा लागतो. चेक-इन सामान न नेणाऱ्या प्रवाशाला भाड्यात सवलत देण्याची मुभा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपन्यांना दिली. त्यातून ‘लाइट’ भाडी आली. एअर इंडिया एक्स्प्रेसने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी भाडी सुरू केली. त्यात चेक-इन बॅग नाही, पण केबिनमध्ये ७ ऐवजी १० किलो नेता येतात. एकट्याने दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला हे फायद्याचे आहे. दिवाळीचा फराळ घेऊन मुलाकडे निघालेल्या आईवडिलांसाठी मात्र हे तिकीट स्वस्तातले महाग ठरते. कारण नेहमीच्या भाड्यात मिळणारी १५ किलोंची चेक-इन सोय त्यात नसते आणि ती विमानतळावर विकत घ्यायची तर वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात.

कंपन्या एवढ्या कडक का?

तीन कारणे आहेत. त्यातली दोन कंपन्या उघडपणे सांगतात.

पहिले कारण जागेचे. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात १८० च्या आसपास प्रवासी बसतात. प्रत्येकाने चाकांची मोठी बॅग आणली तर जुन्या रचनेच्या वरच्या कप्प्यांत त्या सगळ्या मावत नाहीत. शिर्डीसारख्या ठिकाणी प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण हैदराबादसारख्या मार्गांवर पंख्याची एटीआर-७२ विमाने वापरली जातात. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ आसने आहेत. कप्पे लहान आणि उथळ असतात, मोठ्या विमानात सहज जाणारी कडक कवचाची ट्रॉली तिथे आडवी-उभी कशीही घातली तरी झाकण लागत नाही. अशा वेळी कर्मचारी ती बॅग शिडीपाशीच घेऊन खाली सामानाच्या कप्प्यात टाकतात. बॅग नियमात असूनही असे होते.

दुसरे कारण वेळेचे. स्वस्त विमानसेवेचे सारे गणित विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभे राहण्यावर असते. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत अर्धा तास हे त्यांचे साधारण उद्दिष्ट. मार्गिकेत उभा राहून बॅग कोंबणारा एक प्रवासी मागच्या तीसजणांना थांबवतो. शिवाय वरच्या कप्प्यातून डोक्यावर पडणारी दहा-बारा किलोंची बॅग हा खरा धोका आहे.

तिसरे कारण पैशाचे. भारतात ही पद्धत २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने आणली: तिकीट स्वस्त, बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो आली. जेवण, खिडकीची जागा, जादा सामान हे सगळे तिकिटातून सुटे झाले. त्यातून भाडे खाली आले हे खरे आहे. सामान नसलेल्याने सामानवाल्याचा खर्च का सोसावा, हा युक्तिवादही चुकीचा नाही. पण जादा सामानाचा दर काय असावा यावर प्रवाशाचे काही चालत नाही. १५ ते २० किलोंच्या टप्प्यात चेक-इन सामानाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नयेत, असा आदेश डीजीसीएने २०१६ मध्ये काढला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दर ठरवणे हे नियामकाचे काम नाही, ही कंपन्यांची भूमिका टिकली. तेव्हापासून हा दर कंपनी ठरवते, आणि विमानतळावरचा दर घरून आधी भरलेल्या दरापेक्षा चढा असतो.

चार किलोंची किंमत किती?

जादा किलोचा दर मार्ग आणि कंपनीप्रमाणे बदलतो. समजा तो ५०० रुपये धरला आणि सामान ४ किलोंनी जास्त भरले, तर २ हजार रुपये झाले. त्या चार किलोंत काय होते? दोन किलो चकली-शेव, एक बरणी लिंबाचे लोणचे, एक चादर. मुलाच्या शहरात हे सगळे मिळून त्याच्या निम्म्यातही आले असते. अर्थात आईच्या हातची चकली बेंगळुरूच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे हा हिशेब नुसत्या रुपयांत मांडून उपयोग नाही. पण तीच चकली आधी वजन करून, ऑनलाइन जादा सामान घेऊन नेली तर निदान कमी पैशांत पोहोचते.

वजन वाढते कुठे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कडक कवचाची चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलोंची असते. म्हणजे सात किलोंतील जवळजवळ निम्मे वजन बॅगेनेच खाल्ले. साधी कापडी सॅक किलोभरात येते. जीन्सची एक पँट अर्धा ते पाऊण किलो, जरीची साडी त्याहून जास्त. चार्जरसह लॅपटॉप दोन-अडीच किलो. बूट बॅगेत ठेवले तर आणखी एक किलो. हे बूट आणि जाड जॅकेट अंगावर घालून जाणे ही जगभर वापरली जाणारी युक्ती आहे आणि त्यात नियमबाह्य काही नाही. प्रवाशाचे स्वतःचे वजन या काट्यावर कुणी करत नाही.

घरी वजन करण्यासाठी ताणकाटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर बॅग घेऊन माणसाच्या काट्यावर उभे राहावे आणि नंतर बॅगेविना. फरक म्हणजे बॅगेचे वजन. गावातल्या किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा सर्वांत बिनचूक. बॅग साडेसहा किलोंपर्यंतच भरावी, कारण घरचा आणि विमानतळावरचा काटा दोन-तीनशे ग्रॅमनी वेगळा निघू शकतो आणि तिथे त्यांचाच काटा खरा.

एक गैरसमज कुटुंबांचा. चौघे मिळून २८ किलो, मग एक बॅग १२ किलोंची आणि दुसरी ४ किलोंची का नको? चेक-इन सामानात एकाच पीएनआरवरच्या प्रवाशांचे वजन बहुतेक ठिकाणी एकत्र धरतात. केबिन बॅगेत तसे नाही. ती प्रत्येकाची वेगळी मोजली जाते, कारण कप्पा एका बॅगेसाठी आखलेला असतो. चेक-इनमध्येही एकच बॅग ३२ किलोंपेक्षा जड असेल तर ती घेतली जात नाही. ती उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीचा विचार त्यामागे आहे.

लोणचे, खोबरे, अडकित्ता : कोणते कुठे?

वजनाइतकाच घोळ वस्तूंचा. मराठी घरातून निघणाऱ्या बॅगेतल्या नेहमीच्या वस्तू यात अडकतात.

अख्खा नारळ केबिनमध्ये नेता येत नाही. आतले तेल ज्वलनशील म्हणून तो बंदीच्या यादीत आहे. शबरीमलाच्या यात्रेकरूंची इरुमुडी नारळासह केबिनमध्ये नेण्याची सूट बीसीएएसने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिली, पुढे २०२४ च्या हंगामातही दिली, पण तीही ठरावीक मुदतीची आणि एक्स-रेसह तपासणीच्या अटीवर. शिर्डीहून परतणाऱ्या भाविकांसाठी अशी सूट नाही. त्यामुळे दुकानातून घेतलेला नारळ बॅगेत विसरला तर तो सुरक्षा तपासणीच्या टेबलावर राहतो. उदी आणि लाडवाच्या पाकिटांना अडचण येत नाही, फक्त वजन मोजावे लागते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इन सामानातही चालत नाहीत. मसाल्यासाठी मुलीला खोबरे पाठवणाऱ्या आईला हे पटणे कठीण आहे, पण खोबरे घट्ट बांधून ठेवले तर आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते. भाजून, वाटून तयार केलेला मसाला चेक-इनमध्ये टाकावा.

तिखटाची पुडी, काळा मसाला, तेल सुटलेले लोणचे, तूप हे सगळे चेक-इनचे सामान समजावे. मिरचीची पूड कुणाच्या डोळ्यांत फेकता येते, म्हणून सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवायला लावतात. परदेशी जाताना तर केबिनमध्ये कोणताही द्रव किंवा लोण्यासारखा पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजतात ते तिच्यावर छापलेले माप.

सुरी, कात्री, विळीचे पाते आणि पानाच्या चंचीतला अडकित्ता केबिनमध्ये नाही. काडेपेटी आणि लायटर तर दोन्हीकडे नाही. चंची कमरेला असणाऱ्या आजोबांना हे घरीच सांगितलेले बरे, कारण काढून ठेवलेली वस्तू परत मिळण्याची व्यवस्था बहुतेक विमानतळांवर नसते.

पॉवर बँकेचे उलटे. ती चेक-इनमध्ये अजिबात नाही, फक्त हातबॅगेत. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये तो विझवता येतो, खालच्या कप्प्यात कुणाला कळतही नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, १०० ते १६० पर्यंतच्या बँकेला कंपनीची परवानगी लागते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे नियमात बसते. पण तिच्यावरचा मजकूर पुसला गेला असेल तर तपासणारा ती अडवू शकतो. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली. ती जवळ ठेवता येते, वापरता येत नाही. इतर कंपन्याही याच वाटेने निघाल्या आहेत.

गेटवर बॅग काढून घेतली तर?

हा क्षण सर्वांत महागात पडतो, आणि पैशांपेक्षाही वेगळ्या कारणाने. घाईत बॅग कर्मचाऱ्याच्या हाती दिली जाते आणि आत औषधे, दागिने, मूळ प्रमाणपत्रे, घराच्या किल्ल्या राहून जातात. मुलाखतीला निघालेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका किंवा मधुमेही प्रवाशाचे इन्सुलिन खालच्या कप्प्यात गेले तर विमान वेळेवर पोहोचूनही प्रवास फसू शकतो. इन्सुलिन तिथल्या थंडीत गोठून निकामी होण्याची भीती असते. म्हणून बॅगेत वरच्या वर एक छोटी कापडी पिशवी वेगळी भरून ठेवावी: औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ कागदपत्रे, रोख, दागिने, पॉवर बँक, चष्मा. बॅग द्यायची वेळ आली तर तेवढी पिशवी काढून हातात घ्यायची. बॅगेच्या बदल्यात टॅगची पावती मागून घ्यायची आणि सामान शिडीपाशी मिळणार की पट्ट्यावर, हे तिथेच विचारायचे.

देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान हरवले किंवा खराब झाले तर कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे कमाल २० हजार रुपयांची आहे. त्यात दागिने आणि रोख धरत नाहीत. दोन तोळ्यांची साखळी चेक-इनमध्ये ठेवणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

वाद घालून मात्र काही मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये श्रीनगर विमानतळावर दिल्लीला निघालेल्या एका प्रवाशाकडे दोन बॅगांत मिळून १६ किलो केबिन सामान असल्याचे कंपनीने म्हटले होते, मर्यादेच्या दुप्पटीहून जास्त. पैसे भरण्यावरून वाद झाला, त्याचे पर्यवसान चार कर्मचाऱ्यांना मारहाणीत झाल्याची तक्रार झाली. प्रवासी लष्करी अधिकारी होता. गुन्हा दाखल झाला, विमानप्रवासास बंदी घालण्याची प्रक्रिया सुरू झाली. नऊ किलोंचे पैसे यापेक्षा नक्कीच कमी होते. काउंटरवरचा कर्मचारी दर ठरवत नाही आणि माफही करू शकत नाही. पैसे घेतले तर त्याची पावती द्यायला मात्र तो बांधील असतो. वजनाचा आकडा चुकीचा वाटला तर दुसऱ्या काट्यावर वजन करून मागता येते. दोन काउंटरचे काटे सारखे दाखवत नाहीत असे दिसले तर त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढची तक्रार आधी कंपनीकडे, मग केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा अॅपवर. पावती नसेल तर तिथे काही सिद्ध करता येत नाही.

युरोपात मुलाकडे जाताना काय बदलते?

जिल्ह्यातली कितीतरी मुले जर्मनी, आयर्लंड, इंग्लंडमध्ये शिकतात किंवा नोकरी करतात. आईवडील मुंबईहून मोठ्या कंपनीने जातात, तिथे २३ किलोंच्या बॅगा आणि केबिन ट्रॉली चालते. मग मुलगा हौसेने पॅरिस किंवा रोमचे स्वस्त तिकीट काढतो आणि इथे गाडी अडते. रायनएअर आणि विझएअरमध्ये फुकट चालणारी बॅग फक्त ४० × ३० × २० सेंटिमीटरची, म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी, समोरच्या सीटखाली मावणारी. चाकांच्या ट्रॉलीचे वेगळे पैसे. गेटवर पकडले तर ते पैसे कधी कधी तिकिटाहून जास्त. मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला रायनएअर प्रत्येक बॅगेमागे दीड युरो बक्षीस देत असे, नोव्हेंबर २०२५ पासून ते अडीच युरो करण्यात आले. तिथे कर्मचाऱ्याकडून ‘जाऊ द्या’ची अपेक्षा का ठेवू नये, ते यावरून समजते.

पण तिथे लढाईही सुरू आहे. वाजवी वजन-मापाची हातबॅग हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे आणि तिच्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले होते. त्या आधारे स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. सर्वांत मोठा, १० कोटी ८० लाखांहून थोडा कमी, रायनएअरला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. ‘वाजवी’ म्हणजे किती सेंटिमीटर, हे त्या निकालात लिहिलेले नव्हते, आणि सारा वाद त्या एका शब्दावर अडला आहे. अमेरिकेत केबिन बॅगेचे पैसे घेण्याची सुरुवात स्पिरिट एअरलाइन्सने २०१० मध्ये केली होती. त्या तुलनेत भारतात ७ किलोंची बॅग अजून भाड्यातच येते, ही बाब भारतीय प्रवाशाच्या बाजूची आहे.

जोडप्रवासात आणखी एक गाठ असते. शिर्डीहून हैदराबाद आणि तिथून परदेश, असा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर देशांतर्गत टप्प्यालाही सहसा आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा लागू होते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर पहिल्या टप्प्यावर १५ किलोच. २३ किलोंच्या दोन बॅगा भरून काकडीला पोहोचलेल्या प्रवाशाला तिथे ३१ किलोंचे जादा पैसे भरावे लागतील. वेगळी तिकिटे स्वस्त दिसतात तेव्हा ही रक्कम त्यात मिळवून पाहावी, किंवा परदेशी जाणाऱ्या बॅगा मुंबईपर्यंत सरळ एसटीने न्याव्यात.